पेरूखालचा जोड

नवा मिस्त्री यायच्या आधीच मी अंगणात खुर्ची टाकून बसले होते. उभा जन्म शाळेत गणित शिकवण्यात गेला. उत्तर बरोबर आलं तरी मधल्या पायऱ्या तपासल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्यात हे बागेतल्या दिव्यांचं काम. केबल जमिनीत जाणार. एकदा वर माती लोटली की आत काय केलंय, कोण बघणार?

एकदा फसले होते ना. काही वर्षांपूर्वी सक्करदऱ्याच्या एका मिस्त्रीनं प्रतापनगरातल्या आमच्या याच बागेत दिवे लावले होते. वर्षभरातच पेरूला पाणी देताना माळ्याचा हात तिथल्या दिव्याच्या लोखंडी खांबाला लागला आणि तो दूर फेकला गेला. चार दिवस दवाखान्यात राहून वाचला. त्या मिस्त्रीला मी पुन्हा फाटकाच्या आत येऊ दिलं नाही. कॉलनीतल्या बायकांनाही सांगून टाकलं, हा माणूस कामात चोरी करतो.

नव्या मिस्त्रीनं आर्मर्ड केबल आणली, म्हणजे आत वायर आणि भोवती लोखंडी तारांचं चिलखत. मी तिचं टोक सोलून दाखवायला लावलं. त्यानं दाखवलं. चर दोन फूट खोल हवा म्हणून मी शाळेतली फळ्यावरची लांब पट्टी आत धरली. त्यानं स्वतःच वाकून माप वाचून दाखवलं, पण त्याची ती तत्परताही मला खटकली.

आमचे हे मधूनच बाहेर आले. "पेरूपाशी खोदू नका, मुळं तुटतील. तो दिवा जुन्याच वायरवर राहू द्या. माळ्याला शॉक बसला तेव्हाच मी तो नीट करून घेतला."

"जुनं ठेवू नये काका," मिस्त्री म्हणाला.

"राहू द्या म्हटलं ना."

"ठेवतो. पण मेनवर ईएलसीबी बसवून राहिलो. कुठं करंट गळला तर लाइन आपोआप बंद होईन."

मला यांचं बोलणं विचित्र वाटलं, पण माझं सारं लक्ष मिस्त्रीच्या हातांकडे होतं.

संध्याकाळी दिवे लागले. यांनी टाळ्या वाजवल्या. मग माळ्यानं झाडांना पाणी सोडलं आणि दहा मिनिटांत सगळी बाग काळी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिस्त्रीला म्हटलं, "उकरा. सगळं उकरा."

"माह्यावर इतका शक काहून काकू?" त्यानं विचारलं, पण फावडं उचललं. केबलवर रचलेल्या विटा काढल्या, रेती बाजूला केली. जोडाचा एकेक डबा उघडून दाखवला. झाकणाखाली रबर होतं, केबल घट्ट बसवलेली होती, लोखंडी तारा अर्थिंगला जोडलेल्या होत्या. पाण्याचा थेंब कुठं नव्हता. मला राग येत होता, कारण चूक सापडत नव्हती.

मग त्यानं पेरूच्या दिव्याची वायर सोडवली आणि ईएलसीबीचं बटण वर केलं. बाकीचे दिवे लागले ते लागलेलेच राहिले.

तो पेरूपाशी खोदू लागला तेव्हा हे घरात निघून गेले. वीतभर खालीच साधी वायर लागली. जोडावर प्लास्टिकची पिशवी होती आणि तिच्या आत पांढरी चिकटपट्टी, जखमेवर लावतात ती. पट्टीचं टोक उलटं दुमडलेलं होतं, पुढच्या वेळी नखानं उचलायला सोपं जावं म्हणून. आमचे हे दवाखान्यात कंपाउंडर होते. असं टोक मी या घरात हजारदा पाहिलंय.

मी आत गेले. हे पलंगावर बसले होते.

"त्या जुन्या मिस्त्रीनं हा दिवा लावलाच नव्हता ना?"

"नाही वं," ते म्हणाले. "पेरूपाशी अंधार होता, म्हणून तू घरी नसताना मीच मागून जोडला. मंग माळ्याचं तसं झालं. तू मिस्त्रीचं नाव घेतलं आणि मी चूप राहिलो."

दुसऱ्या दिवशी यांना घेऊन सक्करदऱ्याला गेले. जुना मिस्त्री घरीच होता, गुडघे धरून बसलेला. त्यानं खुर्च्या दिल्या. हे हात जोडून सगळं बोलले, आणि बोलताना रडले.

"मले माहीत होतं बाई," तो माझ्याकडे बघून म्हणाला. "माळ्याले करंट लागला त्या दिवशी बघाले आलो, तेव्हाच मी तो जोड पाहला. साहेब लय घाबरले होते. म्हटलं, मंग सांगू. मंग तुम्ही फाटकच उघडलं नाही."

"निरोप तरी द्यायचा."

"दिला असता तर तुम्ही मानलं असतं?"

"नसतं मानलं," मी म्हटलं.

"तुमच्या कॉलनीत मले त्याच्यानंतर कोणी बोलावलं नाही," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. चहा आला, आम्ही प्यायलो. माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि मीही ते म्हणवून घेतलं नाही.

परतल्यावर मी ज्या ज्या घरी तेव्हा बोलले होते, त्या प्रत्येक घरी गेले आणि खरं काय ते सांगितलं. एकीनं विचारलं, "पण आता इतक्या वर्षांनी कशाला?" दुसरी म्हणाली, तिला तेव्हाही पटलं नव्हतं. मग त्याला कामाला का नाही बोलावलं, हे मी तिला विचारलं. तिनं विषय बदलला. तिसरीनं मात्र त्याचा नंबर मागितला. तिच्याकडे दोन पंखे बंद होते.