फणसाची गिटार

नरहरी वालीवच्या एका कारखान्यात दारं बनवतो आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. होळी गावात त्याच्या घरामागच्या वाडीत एक जुना फणस होता. वादळात तो पडला तेव्हा त्याच्या बायकोला, सुशीलाला वाटलं, चला, कपाट होईल. नरहरीने खोडाच्या फळ्या काढल्या, वर्षभर माळ्यावर सुकवल्या आणि त्यातून गिटारची बॉडी कापली. कपाटाचं त्यानंतर कोणी बोललं नाही.

गिटार पिवळीधमक झाली, आणि जड. "फणसाचा आवाज गोल असतो. सूर लांबतो," असं नरहरी सगळ्यांना सांगे. लग्नातल्या कॅटररलाही सांगे.

बेस गिटार वाजवणारा फेबियन त्याचा शाळेपासूनचा मित्र. त्याला हे पटत नव्हतं.

"अरे, ही काय सतार आहे? तार हलते, पिकअप ते पकडतो, आवाज स्पीकरमधून येतो. लाकूड नुसतं धरून ठेवतं."

"तुला ऐकू येत नाही, त्याला मी काय करू?"

फेबियनला हे लागलं. त्याने पैज लावली. नरहरीने प्लायवूडची हुबेहूब तशीच गिटार केली. तारा आणि पिकअप दोन्हींना एकाच जातीचे. रविवारी दुपारी स्वयंपाकघराच्या दारात चादर बांधली. आत फेबियन आलटूनपालटून दोन्ही वाजवू लागला. बाहेर नरहरी डोळे मिटून बसला.

"ही फणसाची," तो लगेच म्हणाला. पुन्हा वाजवल्यावरही तिलाच फणसाची म्हणाला. त्यानंतर तर त्याचे डोळे भरून आले.

सुशीलाने चादर सोडली. फेबियनच्या हातात प्लायवूड होतं.

कोणी हसलं नाही. वाईट वाटलं ते फेबियनला. नरहरी जेवला, झोपला, आणि पुढे कितीतरी दिवस लाकडाबद्दल अवाक्षर बोलला नाही. कार्यक्रमांना मात्र फणसाचीच नेत राहिला.

मग एकदा फेबियनच म्हणाला, "मला एक बेस करून देतोस? हलकी कर. खांदा दुखतो."

नरहरीने शिवणीच्या झाडाचं लाकूड घेतलं; ते हलकं असतं, आणि वाद्यांनाही वापरतात. का, ते त्याने सांगितलं नाही आणि फेबियनने विचारलं नाही.

राजोडीच्या एका लग्नात ती बेस पहिल्यांदा वाजली. दोन गाणी झाल्यावर फेबियन नरहरीच्या कानाशी वाकला. "आवाज जरा मोकळा येतोय, नाही?"

बोलून गेल्यावर त्याचा चेहरा पडला.

नरहरीने आपल्या गिटारचा पट्टा खांद्यावर सरकवला. "हलकी आहे ना?" त्याने विचारलं.

"हो, हलकी आहे."

तेवढ्यात नवरा-नवरी स्टेजकडे निघाली, आणि दोघांना वाजवायला लागलं.