जावेच्या मोरामागं: येरमाळा ते माकणी

लोक देवदर्शनाला निघतात, कुणी हवापालटाला निघतं. मी निघाले ती जळफळाटानं. आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर वाचता वाचता तुम्ही मला फार चांगली बाई समजाल.

मी धाराशिवात रुखवत बनवते. नऊवारी नेसलेल्या बाहुल्या, सुपारीचे नवरा-नवरी, खोबऱ्याच्या वाट्यांचं तुळशीवृंदावन, असं लग्नात मांडायचं सगळं. माझी धाकटी जाऊ सारिका हे काम माझ्याच घरात, माझ्याच डब्यातल्या सुया वापरून शिकली. दिरांची बदली लोहाऱ्याला झाली आणि तिनं तिकडं स्वतःचं काम सुरू केलं. मला काही वाटलं नाही. म्हणजे वाटलं, पण मी दाखवलं नाही.

मग एका सकाळी तिच्या स्टेटसला गाडी आली. जुनीच व्हॅन, पण अंगभर गर्द मरून रंग, खाली पैठणीचा काठ, आणि पुढच्या दारापासून मागच्या काचेपर्यंत पिसारा पसरलेला सोनेरी मोर. वर टपोऱ्या अक्षरात ‘रुखवत’. मी तो फोटो बोटांनी मोठा करून करून बघितला. चहा गार झाला. त्या महिन्यात दोन ओळखीच्या घरची रुखवतं तिच्याकडं गेली. दोन्ही घरच्या बायकांनी मला तेच सांगितलं, "अगं, ती मोराची गाडी बघितली ना रस्त्यात." माझ्या बाहुल्यांचा विषयच नाही. मोर म्हणे.

आमच्याकडंही व्हॅन आहे, पांढरी. तिच्या काचेवर नुसतं ‘येडेश्वरी प्रसन्न’ लिहिलेलं. तेवढ्यात माकणीहून निरोप आला. तिथल्या एका मोठ्या बागायतदाराच्या घरी लेकीचं लग्न आहे, रुखवताचे नमुने घेऊन रविवारी या. पाठोपाठ कळलं की सारिकालाही बोलावलंय. तेव्हा मी आमच्या ह्यांना सांगितलं, "ही ऑर्डर तिच्याकडं गेली तर मी बाहुल्या बंद करते. साड्यांना फॉल लावीन." नुसतं बोलले नाही, दुकानातून फॉल लावायच्या साड्यांचा गठ्ठा आणूनही ठेवला. हे म्हणाले, "जावा-जावा उभा दावा, मधी माझा का मरणाचा धावा?" पण गाडी काढली.

कुणाकडं जायचं ते मला माहीत होतं. सारिकाच्या फोटोत चाकाच्या वर बारीक अक्षरात ‘रेडियम आर्ट, येरमाळा’ असं होतं. फोटो मोठा करून बघायचा असा फायदा होतो.

शनिवारी सकाळी निघालो. धाराशिव ते येरमाळा चौपदरी रस्ता आहे, लोण्यासारखा, तासाभराच्या आत पोचता. एसटीही सारख्या आहेत, त्यामुळं गाडी नसली तरी काही अडत नाही. आधी डोंगरावर येडेश्वरीचं दर्शन घेतलं. पायऱ्या ऊन चढायच्या आत चढा, आणि सुटीचा दिवस शक्यतो टाळा. वर वारा छान होता. मी देवीला चांगलं काहीतरी मागायला हात जोडले आणि तोंडातून निघालं, "आई, माझी गाडी तिच्यापेक्षा भारी दिसू दे." शेजारी हे उभे होते. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

खाली उतरून हॉटेलात पोहे-चहा झाला. तिथं मोबाइलवर तो फोटो उघडून मी ह्यांना माझं खास संशोधन दाखवलं. सारिकाच्या गाडीवरच्या ‘रुखवत’मधल्या शेवटच्या ‘त’च्या पायाशी एक काळा ठिपका होता. सगळी अक्षरं सोनेरी आणि तिथंच काळं. "स्टिकर निघालाय," मी म्हटलं, "आणि वरून काळी टेप मारलीय. एवढा तोरा आणि काम असलं." कधी नव्हे ते मला दोन घास गोड लागले. येरमाळ्याला गेलात तर खव्याचे पेढेही घ्या, या भागातला खवा नावाजलेला आहे.

रेडियमवाले शब्बीरभाई म्हणजे हायवेच्या कडेचं एक शटर, आत छपाईचं मशीन, बाहेर रांगेत एक टेम्पो आणि दोन रिक्षा. माणूस पन्नाशीचा आणि स्वतःवर फार खूश. "इथून सोलापूरपर्यंत ज्या गाडीकडं मान वळंल, ती आपली," असं त्यांनी बसायच्या आधीच सांगून टाकलं. मी सारिकाची कोण हे काही बोलले नाही. मोबाइल पुढं केला आणि म्हटलं, "अशी करायची. पण तिच्यावर एक मोर आहे, माझ्यावर दोन पाहिजेत. शिवाय बैलगाडी, वृंदावन, सप्तपदी आणि खाली सगळ्या वस्तूंची नावं."

त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. "ताई, ही गाडी हाय का पंचांग?"

हे हसले.

"देखो ताई, मागच्या गाडीतल्या माणसाला टाइम किती असतो? येष्टी वळायच्या आत त्याचं वाचून व्हायला पायजे. एक चित्र, एक शब्द, आन् मागं फोन नंबर. बस. आन् शब्द कुठं टाकायचा तेबी कळाया लागतं." त्यांनी व्हॅनचं सरकतं दार उघडलं. "तुम्ही म्हणता तसा ‘रुखवत’ हितं मधोमध घेतला, तर ‘रुख’ दारावर येतो आन् ‘वत’ मागच्या पत्र्यावर. दार सरकवलं की ‘वत’ गायब. राहिलं काय? रुख. लोक म्हणतील, बाई झाडं विकती."

आता हसू मलाही आलं, पण मी ते गिळलं. मोर नको तर काय घ्यायचं, म्हणून मी पिशवीतून नमुन्याची बाहुली काढली. अंजिरी नऊवारी, नाकात नथ, मान किंचित कलती. शब्बीरभाईंनी ती हातात घेतली आणि पहिल्यांदाच स्वतःबद्दल काही बोलले नाहीत. तिचा मोठा फोटो काढला. तेवढीच एक बाहुली पांढऱ्या गाडीवर, कमरेएवढ्या उंचीची, आणि वर हिरव्या अक्षरात शब्द. पूर्ण गाडी मढवायला पैसा आणि वेळ दोन्ही लागतात. नुसतं चित्र, नाव, नंबर असेल तर सात-आठ हजारांत आणि दिवसभरात काम होतं. गाडी मात्र घरून धुऊन न्या, धूळ राहिली की स्टिकरला फोड येतात.

ते गरम हवेच्या बंदुकीनं कागद बसवत होते तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, "भाई, त्या मोराच्या गाडीचा ‘त’ बघा. स्टिकर निघालाय. माझा असा निघायला नको."

त्यांनी मोबाइलकडं नीट बघितलंही नाही. "खोट न्हाय ताई ती. तीट हाय. पोराला लावतो न्हाय का आपण, तसली. त्या मालकीणबाईनंच लावून घेतली. म्हणल्या, धाराशिवात आमच्या थोरल्या जाऊबाई हायत, त्यांची नजर लई तेज हाय."

आमचे हे उठून पाणी प्यायला बाहेर गेले. खांदे हलताना दिसत होते.

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. माझ्या नजरेची तीट! मी तिला सुई धरायला शिकवलं आणि ती परक्या माणसाला सांगते की माझी नजर लागते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, तिचं खोटं नव्हतं.

"तुमच्या गाडीला लावू का एक?" शब्बीरभाईंनी विचारलं.

"नको," मी म्हटलं. "माझ्यावर जळायला आहे कोण?"

रविवारी माकणी. आम्ही बेंबळीवरून गेलो. रस्ता कुठं गुळगुळीत, कुठं हाडं मोजून घेणारा, तेव्हा वेळ हातात ठेवा. लोहाऱ्याहून माकणीला जीपही मिळतात, पण भरल्याशिवाय हलत नाहीत. वाटेत तुरीची शेतं, आणि दर गावाच्या फाट्यावर माणसं वळून आमच्या गाडीकडं बघत होती. मी खिडकीतून मोजत नव्हते असं म्हणणार नाही. धरणापाशी ह्यांनी गाडी थांबवली. निम्न तेरणाचं पाणी लांबपर्यंत पसरलेलं, काठावर बगळे. इथं तळलेला मासा ताजा मिळतो, ह्यांनी खाल्ला. मी तेवढ्यात गाडीवरच्या बाहुलीची धूळ पुसली.

बागायतदारांच्या दारात मोर आधीच उभा होता.

फोटोत दिसतो त्यापेक्षा भारी होता, हे सांगताना आजही जीभ जड होते. उन्हात पिसारा नुसता लखलखत होता आणि गल्लीतली पोरं त्याच्यासमोर फोटो काढत होती. सारिका पुढं आली, वाकून पाया पडली. "ताई, वाट कशी हुती?" मी म्हटलं, "बरी होती." एवढंच.

नवरीच्या आईनं दोघींचे नमुने ओसरीवर मांडायला लावले. माझी बाहुली त्यांनी उचलून फिरवून बघितली, नथीला हळूच बोट लावलं. मला वाटलं, झालं. पण नवरी मुलगी बाहेर बघत म्हणाली, "आई, मला मोराचं पायजे. मांडवात रुखवत त्याच गाडीतून उतरवायचं, शूटिंग करायचंय." आई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुमचं काम लई बारीक हाय बाई. पर आजकाल पोरींचं ऐकावं लागतं." चहा झाला, चिवडा झाला. ऑर्डर गेली.

मी नमुने भरले आणि गाडीकडं निघाले. घरी साड्यांचा गठ्ठा वाट बघत होता. सारिका मागोमाग आली आणि माझ्या गाडीसमोर थांबली. बराच वेळ त्या बाहुलीकडं बघत राहिली. मला वाटलं, आता हिणवणार.

"तीट बघितली मी तुझी," मीच म्हटलं. "माझी नजर लई तेज हाय म्हणे."

ती लाजली, पण नाकारलं नाही. "हायच की. शिकवताना एक टाका चुकला तरी उसवायला लावायच्या तुम्ही. अजून सुई धरली की वाटतं, मागं तुम्ही हायत." मग तिनं स्वतःच्या डोळ्यातलं काजळ बोटावर घेतलं आणि माझ्या पांढऱ्या गाडीवर, बाहुलीच्या कानामागं, एक ठिपका लावला.

"आता हिला कुणाची नजर लागणार?" मी म्हटलं. "ऑर्डर तर तू नेलीस."

"माझीच नजर," सारिका म्हणाली. "मला बाहुलीचा चेहरा जमत न्हाय ताई. किती केल्या, सगळ्या ठोकळ्यावानी दिसतात. म्हणून तर मोर घातला गाडीवर."

मी नमुन्यांची पिशवी मागच्या सीटवर ठेवली. गाडीत बसले.

घरी आल्यावर ह्यांनी सवयीनं फडकं घेतलं. "हे काळं काय लागलंय?" म्हणून पुसायला हात पुढं केला.

"हात लावू नका," मी म्हटलं. "आणि उद्या तो साड्यांचा गठ्ठा दुकानात परत देऊन या."

प्रवासातून काय आणलं असं विचाराल तर पेढे आणले, ते संपले. मोर अजून डोक्यातून गेलेला नाही, आणि त्या लग्नाच्या शूटिंगचा विचार आला की आजही पोटात दुखतं. पण लोहाऱ्यात कुणीतरी माझ्यावरही जळतंय, हे कळल्यापासून मला झोप फार छान लागते.