आमच्या वार्ताहराकडून

जेवणाच्या सुट्टीत ताईंच्या गाडीच्या काचेवर टकटक करायची हिंमत आमच्या कारखान्यात कोणी करत नसे. पाऊस असो, वारा असो (आणि आयर्लंडमधल्या वॉटरफोर्डला दोन्हींपैकी एक तरी असतोच), सुट्टी झाली की ताई डबा घेऊन पार्किंगमध्ये जायच्या, गाडीत बसून मांडीवर लॅपटॉप उघडायच्या आणि एका हाताने पोळीभाजी खात गावाला निघून जायच्या. सुट्टी संपायच्या आत परत आपल्या जागेवर. आमचा मॅनेजर डेक्लन कँटीनच्या खिडकीतून त्या गाडीकडे बोट दाखवून नव्या माणसाला सांगायचा, "शीज अवे ऑन हर हॉलिडेज. डोंट गो नियर द कार."

गाव म्हणजे नागपूर नव्हे, जरी ताई नागपूरच्या. गाव म्हणजे संगणकात उघडणारं गाव. अशी आभासी जगं आहेत, जिथे आपण आपला एक बाहुला घेऊन हिंडतो, घर बांधतो, झाडं लावतो, दुसऱ्या बाहुल्यांशी टाइप करून गप्पा मारतो. त्यात जिंकायचं-हरायचं काही नसतं. प्रत्येक बाहुल्यामागे कुठेतरी एक खरा माणूस चहाचा कप शेजारी ठेवून बसलेला असतो. ताई या जगांमध्ये फिरून तिथल्या बातम्या मराठीत ब्लॉगवर लिहायच्या. कुठे नवा पूल झाला, कुठे दोन शेजाऱ्यांचं कुंपणावरून वाजलं, कुठे कोणाच्या बाहुल्याचं लग्न लागलं. मी पुण्याचा असल्यामुळे कोणी काही मनापासून करू लागलं की मला आधी त्याची थट्टा सुचते. "ताई, तिथे नगरसेवक कोण आहे?" असं मी विचारायचो. त्या गंभीरपणे सांगायच्या, "नाही रे, अजून निवडणूक व्हायची आहे."

आम्ही दोघंही जवळच्या ट्रामोर गावात राहायचो, आणि त्यांच्याच गाडीतून कामावर यायचो. त्यांच्या ब्लॉगवरची प्रत्येक बातमी 'आमच्या वार्ताहराकडून' या शब्दांनी सुरू व्हायची, म्हणून वॉटरफोर्डच्या मराठी मंडळींत त्यांचं नावच वार्ताहर पडलं होतं. असं का लिहिता, म्हणून मी एकदा गाडीत विचारलं. "लहानपणी आमच्याकडे पेपर यायचा नं, त्यात सगळीकडे हेच लिहिलेलं. मला वाटायचं, हा एकच माणूस आहे. इतवारीत आग लागली तरी हाच, धंतोलीत व्याख्यान झालं तरी हाच. किती पळून राहिला असेल बाप्पा! मोठं होऊन मला तोच माणूस व्हायचं होतं." मग त्या इंजिनियर झाल्या, लग्न करून आयर्लंडला आल्या आणि हृदयाच्या शस्त्रक्रियेत लागणाऱ्या बारीक नळ्या बनवणाऱ्या आमच्या कारखान्यात गुणवत्ता विभागाच्या प्रमुख झाल्या. पळणं मात्र काही चुकलं नाही.

ते काम म्हणजे जिवाला घोर. ताईंची सही झाल्याशिवाय एकही नळी दाराबाहेर जात नसे. फोन सतत वाजायचा, कुठलं तरी यंत्र रोज रुसायचं. एवढ्या धबडग्यात त्या लिहायच्या कधी, असं सगळ्यांना वाटे. उत्तर सोपं होतं. त्या सुट्टीत लिहायच्या, आणि सुट्टी कोणाला देत नसत. बढती मिळाली तेव्हा त्यांनी डेक्लनला एकच अट घातली होती, की जेवणाची सुट्टी माझी. पगाराचं काही बोलल्या नाहीत म्हणून तो बिचारा आधी हसला होता. पण दुसऱ्या बाजूनेही त्या तितक्याच काटेकोर होत्या. कामाच्या वेळात ब्लॉगचा ब नाही, कंपनीचं इंटरनेट वापरायचं नाही. म्हणून तर गाडी आणि स्वतःचा मोबाइल. शनिवारी सकाळी यजमान भाजी आणायला गेले की उरलेलं हिंडणं-फिरणं उरकायच्या. त्यांची मुलगी इथेच वाढलेली. मराठी सगळं समजायचं, पण बोलायची पक्क्या वॉटरफोर्डच्या इंग्रजीत. ती एकदा माझ्यासमोर आईला म्हणाली, "मॅम, इट्स नॉट ईव्हन रिअल." ताई पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "घरं खोटी आहेत गं. बोलणारी माणसं खरी आहेत नं?"

आमच्या धंद्यात एक वाक्य पहिल्या दिवशी शिकवतात: जे लिहिलं नाही, ते घडलंच नाही. आणि लिहायचं कोणी, तर ज्याने पाहिलं त्यानेच, तिथल्या तिथे, स्वतःच्या सहीने. दुसऱ्याने पाहिलेलं आपण लिहून सही ठोकणं हे आमच्याकडे चोरीपेक्षा मोठं पाप. बाकीच्यांसाठी हा नियम नळ्यांपुरता. ताई तो घरी घेऊन गेल्या होत्या. 'बहुतेक', 'असं ऐकलं', 'असावं' हे शब्द त्यांच्या ब्लॉगवर शोधून सापडायचे नाहीत. जिथे स्वतः गेल्या नाहीत, तिथली बातमी नाही. मला हे जरा अतीच वाटायचं. खोट्या गावाला एवढं सोवळं कशाला?

त्या गावांमध्ये त्यांचं लाडकं गाव एकच. मधे तळं होतं म्हणून ताईंनी त्याचं नाव ठेवलं होतं तळ्याकाठ. तिथे पश्चिमेकडच्या मेयो परगण्यातली ब्रीज नावाची म्हातारी चहाचं दुकान चालवायची. खरी ब्रीज गुडघ्यांमुळे घराबाहेर फारशी पडत नसे. तिचा बाहुला मात्र हिरवा एप्रन लावून दिवसभर तळ्याभोवती फिरायचा. ताई गेल्या की पहिला मुक्काम तिच्याकडे. मग एके दिवशी गाडीत बसल्या बसल्या ताई म्हणाल्या, "तळ्याकाठ बंद करून राहिले." चालवणाऱ्या कंपनीला परवडत नव्हतं. पुढच्या शुक्रवारी दुपारी एक वाजता सगळं पुसलं जाणार होतं. घरं, पूल, तळं, ब्रीजचं दुकान, काही म्हणजे काही उरणार नव्हतं. माणसं आपापल्या वाटेने जाणार. "मी असायला पाहिजे रे तिथे. कोणी लिहिलं नाही तर हे गाव होतं यावर कोण विश्वास ठेवेल?" त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता, त्यामुळे थट्टा काही सुचली नाही.

त्याच आठवड्यात आमच्याकडे बाहेरच्या देशातून तपासणीला माणूस आला. असे लोक आले की कारखान्यात सगळे दबक्या पावलांनी चालतात. ताईंनी रजा मागितली नाही, मागणं शक्यच नव्हतं. पण शुक्रवारची जेवणाची सुट्टी बरोबर एकला संपत होती, आणि तेवढी त्यांना पुरणार होती. सुट्टी झाल्याबरोबर त्या अक्षरशः धावत गाडीकडे गेल्या.

थोड्याच वेळात डेक्लन माझ्या टेबलाशी आला. तपासनीसाला विमान गाठायचं होतं, म्हणून त्याने जेवण सोडून काम सुरू ठेवलं होतं. त्याला नळ्यांच्या एका खेपेबद्दल शंका होती. ती खेप ताईंनी पास केली होती, त्यामुळे उत्तरही त्यांनीच द्यायला हवं होतं. नाही तर ती अडकली असती, आणि इस्पितळं त्या नळ्यांची वाट पाहत होती. "युअर मॅन वोंट वेट," डेक्लन तपासनीसाबद्दल म्हणाला. "यू गो. शी लाइक्स यू."

मी गेलो आणि काचेवर टकटक केली. ताईंनी मान वर केली. काच खाली करून त्यांनी मी सांगितलं ते नीट ऐकून घेतलं. स्क्रीनवर तळं दिसत होतं आणि काठावर बाहुल्यांची गर्दी जमली होती. "किती वेळ लागेल म्हणून राहिला?" त्यांनी विचारलं. सांगता येत नाही, मी म्हणालो. त्या गाडीतून उतरल्या आणि लॅपटॉप माझ्या हातात ठेवला.

"तू बस. दिसेल तेवढं लिही. तुला वाटेल ते लिहू नको."

"अहो ताई, मला यातलं काही..."

"डोळे आहेत नं?" असं म्हणून त्या भुरभुर पावसात कारखान्याकडे निघून गेल्या. एकदाही वळून पाहिलं नाही.

मी आत बसून पहिली जी कळ दाबली, तिच्यामुळे ताईंचा बाहुला चालत चालत थेट तळ्यात गेला. काठावरचे सगळे हसले, म्हणजे त्यांनी हसल्याचं टाइप केलं. मी घाईघाईने कळवलं, की ही ती नाही, तिला कामावर बोलावलंय, मी तिच्यासोबत काम करतो. मग हिरवा एप्रन धीर देत पुढे आला. "यू'र ग्रँड, लव्ह. कम आउट ऑफ द वॉटर अँड सिट डाऊन." कुठली कळ दाबायची तेही ब्रीजनेच सांगितलं. मी तिच्या दुकानात जाऊन बसलो. तिने टेबलावर माझ्यासमोर एक कप ठेवला, दुसरा माझ्या शेजारी ठेवला आणि त्याच्यावर बशी झाकली. तो ताईंचा, ती म्हणाली, आल्यावर गरम मिळायला हवा. काही मिनिटांत ते दुकानच राहणार नव्हतं, हे तिला माहीत होतं आणि मलाही. मी दिसेल ते लिहीत गेलो. कोण कुठे उभं होतं, कोणी पुलावर जाऊन दिवे लावले, कोण काय बोललं. एकाने विचारलं, कोणी लिहून ठेवतंय ना? मी म्हणालो, हो, मी. मग स्क्रीन करडी झाली आणि संपर्क तुटल्याची एक ओळ आली.

ताई बऱ्याच वेळाने आल्या. खेप सुटली होती. स्वतःच्याच गाडीत शेजारच्या सीटवर बसून त्यांनी मी लिहिलेलं वाचायला घेतलं. एका जागी थांबल्या. "'जणू सगळ्यांनी श्वास रोखला होता.' कोणाचा श्वास पाहिला तू?" मी निमूटपणे ते वाक्य काढून टाकलं. त्या पुढे वाचत गेल्या आणि कपापाशी आल्या.

"बशी कोणत्या रंगाची होती?"

"निळी."

"मग लिही नं," त्या म्हणाल्या, आणि रडायला लागल्या. मी 'निळी' लिहिलं. मलाही भरून आलं होतं, एका कधीही न भेटलेल्या म्हातारीच्या खोट्या बशीसाठी. सुट्टी केव्हाच संपली होती. कँटीनच्या खिडकीत डेक्लन उभा होता, पण त्या दिवशीही तो गाडीजवळ आला नाही.

शनिवारी ब्लॉगवर बातमी आली. वर ताईंच्या दोनच ओळी होत्या: शेवटच्या वेळी वार्ताहर गावात हजर नव्हता, कामावर होता. म्हणून खालचा मजकूर ज्याने हे पाहिलं त्याचा आहे. त्याखाली लिहिलं होतं, 'आमच्या दुसऱ्या वार्ताहराकडून', आणि शेवटी माझं नाव. इतकी वर्षं या कारखान्यात सह्या करतोय, पण कुठल्याही सहीचा मला एवढा अभिमान वाटलेला नाही.

पुढे यजमानांना नावन या दूरच्या गावी इस्पितळात नोकरी मिळाली आणि ताई तिकडे गेल्या. निरोपाच्या दिवशी डेक्लनने त्यांना पार्किंगमधल्या त्यांच्या जागेचा फोटो चौकटीत घालून दिला. गाडीशिवायचा, नुसता रिकामा चौकोन. सगळे हसले, तोही हसला आणि मग नाक पुसत आत गेला. ताईंना तिथे मिळालेल्या नव्या नोकरीत काम इथल्यापेक्षाही जास्त आहे म्हणतात. तिथेही ताईंनी पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीची अट घातली. मला आता कामावर बसने यावं लागतं, आणि बसमध्ये थट्टा करायला कोणी नसतं.

मागच्या आठवड्यात त्यांच्या ब्लॉगवर एका नव्या गावाची बातमी आली. तळं नाही, टेकडी आहे. टेकडीच्या पायथ्याशी चहाचं दुकान उघडलंय, चालवणारी बाई हिरवा एप्रन लावते. वार्ताहराने हे स्वतः पाहिलं. टेबलावर निळ्या बश्यांनी झाकलेले दोन कप होते. एक वार्ताहराने घेतला. दुसरा कोणाचा, असं विचारल्यावर बाईंनी सांगितलं, जो शेवटपर्यंत थांबला होता त्याचा, तो आला की त्याला पाण्यात जाऊ देऊ नका.

ते वाचून मी ताईंना फोन केला, पण त्यांनी उचलला नाही. घड्याळाकडे पाहिलं तेव्हा लक्षात आलं, जेवणाची सुट्टी चालू होती. मग मीही डबा उचलला, लॅपटॉप घेतला आणि बसायला एखादी कोरडी जागा शोधत पार्किंगकडे निघालो.