करड्या ढगाखालचा साकव

हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. घरतबाई गेल्याचा फोन आला, तेव्हाही गप्पच राहिलो. पण शोकसभेत कुणीतरी ‘उन्हात शाळा सोडणाऱ्या बाई’ असा उल्लेख केला आणि माणसं हसली... आता गप्प बसणार नाही.

मुरबाडच्या पुढे, घाटाखालच्या आमच्या शाळेत त्या भूगोल शिकवायच्या, मी मुख्याध्यापक. पावसाळ्यात रोज सकाळी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर उपग्रहाचं चित्र उघडायच्या. आम्ही सगळे पांढरं काय दिसतं ते शोधायचो आणि त्या चिडायच्या. म्हणायच्या, “सर, हे चित्र उजेडाचं नाही, तापमानाचं आहे. पांढरा तो उंचावरचा, थंड ढग. कधीकधी नुसताच मिरवतो. आपला घाट भिजवतो तो बुटका, उबदार ढग. तो करडा दिसतो, जमिनीत मिसळून जातो.”

त्या सकाळी घाटावर असाच करडा पट्टा होता आणि शाळेच्या अंगणात लख्ख ऊन. ओढ्यापलीकडच्या पाड्यांवरची पोरं आत्ताच घरी पाठवू, असं बाई म्हणाल्या. “पाठवा,” म्हणालो. हो, मीच.

गावात थेंब पडला नाही. शाळा समितीतले एकजण बाईंना म्हणाले, “तुमचा पाऊस फोटोतच पडतो वाटतं.” दुसऱ्या दिवशी पाड्यावरचा एक बाप ऑफिसात आला. “सर, काल दुपारी ओढ्यावरचा साकव गेला व्हावून. बायनी पोरां आधी धाडली म्हनून, नाय तं...” मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. समितीपुढे नेलं नाही. पोरं लवकर का सोडली, असं तिथे विचारलं तेव्हा मी सांगितलं, बाईंनी मला विचारलं नव्हतं. त्यांची बदली शहापूरकडे झाली.

तेव्हा हसणाऱ्यांनो, ऐका. साकव वाहून गेला होता. तुम्ही पाड्यावर कधी विचारायला गेला नाहीत, आणि जो सांगायला आला त्याला मी अडवलं. बाई चुकल्या नव्हत्या. पुन्हा कुणी हसलं, तर त्याने आधी माझं नाव घ्यावं.

गेल्या पावसाळ्यात, बाई होत्या तेव्हा, ठरवून शहापूरजवळच्या सापगावला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी मोबाइल पुढे केला. “सांगा सर, पाऊस कुठे आहे?” मी पांढऱ्यावर बोट ठेवलं. त्या खळखळून हसल्या. “अजून नाय सुधारलात.”

आता रोज सकाळी मी ते चित्र उघडतो आणि घाटावरचं करडं शोधतो. त्या दिवशी निघताना त्यांच्या दारात ‘बाई, चुकलो’ एवढंच म्हणायचं होतं... म्हणालो, “निघतो, मुरबाडची एसटी चुकेल.”