कोरड्या डोळ्यांना आलेले पाणी

लोककथा जमविण्यासाठी मी गेवराई तालुक्यातील बहुतेक वाड्यावस्त्या पालथ्या घातल्या. परंतु सर्वांत दाट पीक मला मिळाले ते आमच्या गावच्या दूध संघाच्या कॉम्प्युटर रूममध्ये. चार माणसे एका खोलीत कोंडावीत, वरचेवर चहा पाजावा आणि सर्वांना मिळून एकच दुखणे द्यावे, की किस्से आपोआप साचत जातात. सांगणारा प्रत्येक जण त्यात चिमूटभर भर घालतो, आणि कालांतराने मूळ घटना समोर उभी केली तर तिला कोणी ओळखत नाही! पुढील किस्से मी शक्य तितके मूळ रूपात ठेवले आहेत. शक्य तितकेच.

दुष्काळाचे साल होते. संघाने चारा छावणी चालवायला घेतली होती आणि प्रत्येक जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर रोज कॉम्प्युटरवर चढवावा लागे. हे काम वैशालीकडे. ती कित्येक वर्षांपासून टेंपररी होती. तिचे आईवडील दर हंगामात ऊसतोडीला जात. पोरगी कायम झाली की कोयता खाली ठेवायचा, असे त्यांचे ठरलेले. चेअरमन अण्णांचे उत्तरही ठरलेले : "बघू." माझे संकलन टाइप करण्यासाठी अण्णांनी एक मशीन मला वापरू दिले होते, म्हणून त्या खोलीच्या सुखदुःखाचा मीही वाटेकरी.

*

दुखणे प्रथम वैशालीला जडले. दुपार उलटली की डोळे चुरचुरत, स्क्रीनवरची अक्षरे पुसट होत. तिने अण्णांना सांगितले, "अण्णा, डोळ्यांत वाळू गेल्यावानी व्हतंय."

अण्णा गंभीर झाले. गोदावरीच्या वाळूवरून तेव्हा तालुकाभर भांडणे चालली होती.

"आत्ता कळलं!" अण्णा म्हणाले. "रातोरात नदीतली वाळू जाती कुठं, समदा तालुका हुडकतोय. आन् ती हितं तुझ्या डोळ्यांत निघाली व्हय!"

*

खोलीत कूलर होता. कूलरमध्ये घालायला पाणी नव्हते. टँकर यायचा तो जनावरांसाठी. तरीही कूलर दिवसभर चालू ठेवण्याचा अण्णांचा दंडक होता. कोरडी, तापलेली हवा तो थेट आमच्या तोंडावर फेकी.

सेक्रेटरी जाधव एकदा धीर करून म्हणाले, "अण्णा, पाण्याबिगर कूलर कावून चालवायचा?"

"अरे, पानी न्हाई हे कबूल. वारं तर हाय! फुकटचं वारं सोडतो का कुनी?"

शेवटी वैशाली गेवराईच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी शांतपणे समजावून सांगितले : स्क्रीनकडे टक लावून बसले की माणूस पापणी मिटायला विसरतो, बुबुळावरचा अश्रूंचा पातळ थर वाळतो, आणि तोंडावर वारा घेतला तर अधिकच लवकर वाळतो. "तुमच्याकडे कूलर आहे का?" त्यांनी विचारले.

"हाय," वैशाली म्हणाली, "पन त्याचेबी डोळे कोरडेच हायत."

*

बाईंनी आणखी एक विचारले : स्क्रीन नजरेच्या खाली आहे की वर? वर असेल तर डोळे सताड उघडे राहतात आणि वाळतात.

आमचा कॉम्प्युटर चौरंगावर होता! खंडेनवमीला शस्त्रांसोबत त्याची पूजा झाली, हळदकुंकू वाहिले, आणि मग त्याला खाली उतरविण्याचे धाडस कोणी केलेच नाही. वस्तूला पूजेनंतर प्राप्त होणाऱ्या स्थानावर मी पूर्वी एक निबंध लिहिला आहे. ते स्थान मानेला किती महाग पडते याचा उल्लेख त्यात राहून गेला होता.

वैशालीने चौरंग काढायला घेतला तसे शिपाई बाबूचाचा आडवे आले. "न्हाई बेटी! पूजेची चीज खाली न्हाई उतरवायची. तुमच्यात न्हाई चालत." आमच्यात काय चालते याची चिंता आमच्यापेक्षा चाचांनाच अधिक असे.

"बरं चाचा, त्याला ऱ्हाऊ द्या. मलाच वर बसवा."

चाचांनी दुसरा चौरंग आणून खुर्चीवर ठेवला, त्यावर वैशाली बसली. नजर आपोआप खाली आली, डोळ्यांना आराम पडला. तेवढ्यात अण्णा दारात उभे. आधी त्यांनी कॉम्प्युटरचा चौरंग पाहिला, मग वैशालीचा.

"चाचा," ते म्हणाले, "नारळ कुनापुढं फोडायचा?"

*

पापण्या मुद्दाम मिटायच्या, पूर्ण मिटायच्या, असा बाईंचा सल्ला होता. लक्षात कोणाच्याच राहीना. तेव्हा चाचांनी ती जबाबदारी घेतली. दारावरून जाता-येता ते खणखणीत आवाजात ओरडत, "मिटा!" आणि आम्ही सगळे मिटत असू.

छावणीच्या तपासणीला एक साहेब आले. खुर्चीवर बसून त्यांनी जाधवांना पहिलाच प्रश्न केला, "छावणीत जनावरं खरोखर आहेत तेवढीच लावलीत ना?"

"मिटा!"

जाधवांनी डोळे मिटले. वैशालीने मिटले. मीही मिटले.

उघडून पाहतो तो साहेब उठून उभे. "मी पुष्कळ ऑफिसं तपासली," ते म्हणाले, "पण माझ्यासमोर तरी माणसं डोळे उघडे ठेवतात हो!"

*

घरगुती उपायांचाही तोटा नव्हता. कोणी गुलाबपाणी सुचवी, कोणी तूप. चाचांनी तर चार कांदे चिरून सर्वांच्या टेबलांवर मांडले. "डोळ्यांत पानीच पायजे ना? घ्या!" पाणी आले, आणि त्यामागून अशी आग आली की काम थांबले. डॉक्टरीणबाईंनी फोनवरच फैलावर घेतले : डोळ्यांत मनाने काही घालायचे नाही, मेडिकलमधून आणलेले थेंबसुद्धा विचारल्याशिवाय नाहीत, मिटल्या पापण्यांवर कोमट फडके ठेवा आणि कूलरचे तोंड भिंतीकडे करा.

"चाचा, रडू आलं, पन आराम न्हाई पडला," वैशाली म्हणाली.

"नोकरी टेंपररी, तर रडू बी टेंपररीच येनार ना, बेटी!"

*

दर वीस मिनिटांनी नजर उचलून जरा वेळ लांब पाहायचे, हा सर्वांत सोपा उपाय. वैशाली खिडकीतून छावणीतल्या म्हशींकडे पाही. अण्णांनी पकडले.

"काम सोडून म्हशी कावून बघतीस?"

"डॉक्टर म्हनल्या, लांब बघत जा."

"मंग पर्मनंट ऑर्डरीकडं बघत जा की! तिच्याइतकं लांब या तालुक्यात काईच न्हाई!"

त्या दिवशी वैशालीने पुन्हा मान वर केली नाही.

*

आता शेवटचा. अण्णा छातीच्या तपासणीसाठी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेले होते. फोन लागत नव्हता. नेमकी त्याच दिवशी छावणीची सगळी माहिती संध्याकाळच्या आत वर पाठवायची होती. सकाळपासून आम्ही स्क्रीनला चिकटलो. चाचा टँकरवर गेलेले, त्यामुळे "मिटा" म्हणणारेही कोणी नव्हते. डोळे अतिशय कोरडे पडले की शरीर घाबरून एकदम पाण्याचा लोट सोडते, हे बाईंनी सांगितले होते. काम संपवून आम्ही बाहेर पडलो ते घळाघळा वाहणाऱ्या डोळ्यांनीच. अंगणात दूध घालायला आलेली माणसे उभी होती. रडणाऱ्याला कारण विचारायचे नाही, हा आपल्याकडचा शिष्टाचार. त्यांनी नुसत्या टोप्या काढल्या.

चहा घेऊन आम्ही परतलो तर अंगणात गाव लोटलेले, आणि खुर्चीवर अण्णांचा हार घातलेला फोटो! आम्ही रडलो म्हणून गावाला कळले होते, आणि गाव जमले म्हणून आता आम्हाला कळले.

शोकसभेत दिवंगताची शेवटची इच्छा सांगण्याची प्रथा आपल्याकडे पक्की रुजलेली आहे. एकाने सांगितले, अण्णांना शेवटी बसथांब्याला शेड हवी होती. दुसऱ्याने सभामंडप सांगितला. मग मागून बाबूचाचा उठले.

"परवाच मला बोलले, बाबू, त्या वैशालीला कायम करायचं हाय. हीच माझी शेवटची इच्छा समज."

सगळ्यांनी वैशालीकडे पाहिले. तिचे डोळे अजून वाहतच होते. म्हातारी माणसे हळहळली, "इच्छा पुरी झालीच पायजे!" असा घोष उठला. संचालकांना विचारले गेले आणि सर्वांचे हात वर झाले.

ते वर असतानाच गर्दीच्या मागे जीप थांबली. मोसंब्यांची पिशवी घेऊन अण्णा उतरले. लोक दोन्ही बाजूंना सरले. अण्णा चालत फोटोपर्यंत आले, हार निरखला, वर राहिलेले हात पाहिले.

जाधव कसेबसे म्हणाले, "अण्णा, ती... तुमची इच्छा म्हणून..."

अण्णांनी एकवार सगळ्या गावावरून नजर फिरवली. मग ते चाचांकडे वळले.

"इच्छा माझीच हाय. पन ती शेवटची हाय, आसं तुला कोन म्हनलं बे?"