चानी, हिरवी मुनिया आणि आमचा गबाळा धुरा

खारीला आमच्याकडे चानी म्हणतात. घरात कापसाचा ढीग लागला की ही बया भाव वाढायची वाट बघत नाही, आपला हिस्सा आधी उचलते. एका साली तिनं आढ्यात एवढा कापूस कोंबला की त्यात तीन गाद्या निघाल्या आणि जावयासाठी एक उशी. खोटं वाटत असेल तर उशी दाखवतो.

हिरव्या मुनियेचा असा काही जाच नव्हता. चिमणीपेक्षा लहान पाखरू. पाठ तुरीच्या कोवळ्या शेंगेसारखी, पोट पिवळं, चोच लालभडक. रेघा दोघींनाही, चानीच्या पाठीवर, मुनियेच्या कुशीला. पण चानी ओरडली की तीन शेतांपलीकडचा माणूस उठून बसतो, आणि मुनियेचं गाणं ऐकायला बाबा चालतं औत थांबवायचे. बैलसुद्धा रवंथ बंद करायचे, माझ्या डोळ्यांदेखत.

"चुप ऱ्हाय," बाबा म्हणायचे, "पाहुण्या आल्या."

थवा उतरायचा धुऱ्यावरच्या उंच गवतात, म्हणून बाबांनी तो बांध कधी कापला नाही की जाळला नाही. आमच्या भागात धुरा चकचकीत नसला तर तो कास्तकार कसला! शेजारचा जाता-येता टोमणा मारायचा, "काहो, धुऱ्यावर वाघ पाळला काय?"

"वाघ नाई बा. त्याच्याहून मोठं हाये. बोटाएवढं."

पुढे सगळ्यांनी धुऱ्यांवर तणनाशक मारलं. थवा विसाचा दहा झाला, दहाचा दोन. मग बाबाही गेले. जाताना शेताबद्दल एकच बोलले, "धुरा जाळू नको."

तेव्हापासून मी रोज त्या गवताकडे बघतो. मुनिया नाही. चान्या मात्र इतक्या, की त्यांची वेगळी ग्रामपंचायत करावी.

यंदा तूर सोंगून झाली आणि बायको विळा घेऊन धुऱ्यावर उभी राहिली. "अवो, बाबाची मुनिया कुठी येऊन राह्यली? चान्यायनं शेंगा खाल्ल्या. लोक आपल्याले आळशी म्हणतात. यंदा साफ करतो मी हे."

"कायले? काल सकाळीच पाह्यली मी मुनिया!"

"किती?"

काल गवत हललं होतं हे खरं. माझं काळीजही हललं होतं. बाहेर आली ती चानी. सवयीनं ओठांवर 'दोनशे' आलं होतं, ते गिळलं.

"एक."

तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं. लग्नाला तीस वर्षं झाली, एवढा लहान आकडा तिनं माझ्या तोंडून ऐकला नव्हता. विळा खाली गेला.

"एकच? मंग जोडीदार येईन न तिचा. राहू द्या गवत."

आता ती रोज सकाळी चहाचा कप घेऊन धुऱ्याशी बसते. मी बाजूला. आज गवताचं एक पातं वाकलं, आणि मी काही बोलणार तोच तिनं माझ्या गुडघ्यावर चापट मारली.

"चुप ऱ्हा ना!"