साडूंनी पारखलेला पॉवर सप्लाय

वजनकाट्यावर विश्वास न ठेवणारा भाजीवाला अख्ख्या नाशिकमध्ये एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघाला. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणतो. मखमलाबादच्या बाजूला त्यांचा भाजीचा मळा. स्वतः पिकवलेले कोबीचे गड्डे घेऊन ते बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या बाजारात बसत. समोर काटा असे, पण तो गिऱ्हाइकाच्या समाधानापुरता. भाऊ गड्डा तळहातावर घेत, एकदा खाली-वर झुलवत आणि वजन सांगत. काटा नंतर निमूटपणे तेच सांगे. हा हात कोबीपुरता राहिला असता तर माझी काही तक्रार नव्हती. पण भाऊ जगातली प्रत्येक वस्तू झुलवून पाहत. लग्नपत्रिका आली की मजकूर वाचायच्या आधी ती झुलवून ‘जेवणात जिलेबी हे’ किंवा ‘घरून खाऊन जा’ असा निकाल देत, आणि तो खरा ठरे. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा थोरले जावई म्हणून ते हजर होते. त्यांनी माझ्याशी हात मिळवला, तो सोडण्याआधी किंचित उचलून पाहिला आणि आत जाऊन सासूबाईंना सांगितलं, "मुलगा हलका हे, पण आतून पोकळ नाय. करून टाका." माझं लग्नच या शिफारशीवर झालेलं असल्यामुळे त्यांच्या हाताबद्दल शंका घेणं मला कधी परवडलं नाही.

पुढे मला वयाला न शोभणारी एक हौस लागली, कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यती खेळायची. गेम सीडीवर मिळत तेव्हाची ही गोष्ट. एकेक भाग जमवून मी स्वतः कॉम्प्युटर जुळवला, पोटाला चिमटा काढून भारीतलं ग्राफिक कार्ड बसवलं, आणि तिथेच नशीब फुटलं. शर्यत सुरू झाली की पडदा काळा, आणि मी पुन्हा पहिल्या वळणावर. दोष पॉवर सप्लायचा होता, म्हणजे भिंतीतली वीज घेऊन आतल्या सगळ्यांना वाटून देणाऱ्या पंखावाल्या पत्र्याच्या डब्याचा. कार्डाची भूक मोठी आणि डबा वाढणार चमच्याने. मी लेबलवरचे वॅट वाचून दुसरा डबा आणला, तोही तसलाच. लेबलवर पाचशे आणि आत त्याच्या निम्माही जीव नाही, असा सगळा बाजार होता. आता तिसराही चुकला आणि जाताना कार्ड घेऊन गेला, तर दुसरं कार्ड येणार नव्हतं; बायकोने तसं बजावलंच होतं. शेवटी तीच म्हणाली, "भाऊंना घेऊन जा." बुडत्याला काडीचा आधार, मी गेलो.

वाटेत भाऊ म्हणाले, "पाव्हणं, काळजी करू नका. या हातावर घर चालवलंय. हा खोटा पडला तर माझ्याकडं राहिलं काय?" एमजी रोडजवळच्या त्या दुकानात दुकानदार वॅट आणि व्होल्ट सांगू लागला. "कागद कुणीबी चिकटवतं," म्हणत भाऊंनी डोळे मिटले आणि एकेक डबा झुलवायला सुरुवात केली. "हा रिकामा. यात नुसता पंखा हे. हा तर लयच उपाशी." दुकानदाराचा चेहरा उतरत गेला, कारण हलक्या डब्यात तांबं कमी असतं हे त्यालाही ठाऊक होतं. दुकानातली इतर गिऱ्हाइकंही आपापले डबे भाऊंपुढे धरू लागली. शेवटी एका डब्याने भाऊंचा हात खाली झुकला आणि हंगामातला पहिला गड्डा तोडल्यासारखा त्यांचा चेहरा फुलला. "हा भरीव हे. घ्या डोळे झाकून."

घरी डबा जोडला. भाऊ मुद्दाम थांबले आणि स्टुलावर बसून माझ्या गाडीबरोबर वळणावळणाला स्वतःही कलू लागले. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. त्यापुढे एक पूल आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पुलावर असतानाच टप्प असा आवाज झाला, मागून धूर आला आणि जळक्या वासाने खोली भरली. कार्डही गेलं. मी डोकं धरून बसलो. भाऊंनी स्वतः बटण बंद केलं, स्क्रू-ड्रायव्हर मागून घेतला आणि डबा उघडला. आत बोटभर सामान होतं, आणि तळाशी डिंकाने चिकटवलेली लोखंडाची जाड पट्टी. भाऊंनी ती खरवडून काढली, हातावर घेतली आणि एकदा झुलवली.

"वजन तर तुम्ही बरोबरच ओळखलं होतं," मी म्हणालो.

"वजन होतं, ऐवज नव्हता," भाऊ म्हणाले. "आन हे तुमच्यासाठी नाय घातलेलं, पाव्हणं. लेबल वाचणाऱ्याला कागद पुरतो. हे लोखंड हातानं पारखणाऱ्यासाठी घातलंय. म्हंजे माझ्यासाठी."

मापात पाप करणारे त्यांनी बाजारात जन्मभर पाहिले होते. पण कुणीतरी त्यांच्या हातालाच ओळखून सापळा लावेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. दुकानदाराने अर्थातच हात वर केले. कार्डाचं दुःख मी कसंबसं गिळलं, पण पुढच्या बुधवारी बाजारात गेलो आणि पाहिलं तर भाऊ गड्डा आधी काट्यावर ठेवत होते आणि मग आकडा वाचत होते, चारचौघांसारखे. "भाऊ, हाताने सांगा ना," मी म्हटलं. ते कसनुसं हसले आणि काटा माझ्याकडे सरकवला. तो पॉवर सप्लाय मी आणायला नको होता. असा माणूस आपल्या एका खेळापायी विझावा, याचं मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

पुढे आम्हाला मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सासूबाईंनी तिला भाऊंच्या हातात ठेवलं आणि सगळे त्या हातांकडे पाहू लागले. भाऊ, काहीही आकडा सांगा, मी दवाखान्याचा काटा खोटा ठरवीन, असं मी मनात म्हणत होतो. त्यांचे हात जराही हलले नाहीत.

"किती, भाऊ?" मला राहवेना.

"ते लोक करतील ना काट्यावर," ते हळूच म्हणाले.

तेवढ्यात नर्स पोरीला रोजच्या वजनाला न्यायला आली. पण भाऊ तिला सोडायला तयार होईनात. "थांबा जरा," एवढंच म्हणून, जन्मभर सगळं झुलवून पाहणारे ते पोरीला नुसतं छातीशी धरून खिडकीकडे तोंड करून उभे राहिले, आणि मला इतकं भरून आलं की मी नर्सलाच बाहेर थांबायला सांगितलं.